जे सगळ्यांचे, ते राखायचे कोणी?

शहराचा वारसा राखणे हे सरकारचे काम. सांस्कृतिक प्रतिष्ठानांनी मैफली भरवाव्यात, व्याख्यानमाला चालवाव्यात, कलावंतांना हात द्यावा आणि जुन्या वास्तूंच्या वाटेला जाऊ नये. हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याला पुरावा मागण्याचीही कोणाला गरज वाटत नाही. पुरातत्त्व खात्यात हयात घालवलेली जाणती माणसे ते मांडतात, देणगीदार मांडतात, आणि स्वतः प्रतिष्ठाने चालवणारेही अनेकदा ते मान्य करून मोकळे होतात. मला ते चुकीचे वाटते. मध्यप्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या बाबतीत तर ते सरळ घातक आहे.

पूर्वपक्ष मात्र आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. भारतीय राज्यघटनेच्या ४९ व्या कलमाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली. १९५८ चा कायदा झाला; २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. हे अधिकार कोणत्याही खासगी संस्थेला नाहीत आणि असूही नयेत. दुसरे म्हणजे, जुनी वास्तू दुरुस्त करणे हे उत्साहाचे काम नाही. चुन्याच्या जागी सिमेंट भरले, दगडावर ऑइल पेंट मारला, की शतकांचे नुकसान आठवड्यात होते, आणि भाविक मंडळींनी गावोगावच्या देवळांत असे नुकसान केलेले आहे. तिसरा आक्षेप पैशाचा: कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने सामाजिक कामाचा निधी आला, त्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा व कला हे शीर्षकही आले, पण त्यातून फलक आणि छायाचित्रेच जास्त निघाली, असे लोक म्हणतात. आणि चौथा, सगळ्यात जिव्हारी लागणारा: संस्थापक गेला की संस्था जाते.

यातला दुसरा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. ज्याला चुना ओळखता येत नाही त्याने भिंतीला हात लावू नये, हे खरे. पण सिमेंटचे पाप एकट्या हौशी लोकांच्या माथी मारता येत नाही. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याचे जतन आगाखान ट्रस्टने केले तेव्हा विसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांत घातलेले काँक्रीटचे थर काढणे हे त्यातले एक मोठे काम होऊन बसले होते. त्या दुरुस्त्या कोणा हौशी मंडळाने केलेल्या नव्हत्या. कौशल्य सरकारी शिक्क्यासोबत येत नाही. ते शिकलेल्या कारागिराच्या हातात असते, आणि त्या कारागिराला काम कोणी द्यायचे हाच तर प्रश्न आहे.

बाकीचे आक्षेप इतके सहज सुटत नाहीत. त्यांना उत्तर द्यायचे तर बुऱ्हाणपुरातच फिरावे लागते.

तापीच्या उत्तर काठावर १३९९ च्या सुमारास फारुकी घराण्यातल्या नासीरखानाने हे शहर वसवले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत ते खानदेशची राजधानी होते. पुढे मोगलांचे दख्खनचे ठाणे, १७३१ मध्ये निजामुल्मुल्काने बांधलेला विटांचा कोट, १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर पेशव्यांचा अंमल, मग शिंदे, १८६० नंतर इंग्रज आणि निमाड जिल्हा. इतवारा, शनवारा, राजघाट ही नावे सांगितली की जुन्या कोटाच्या आतले-बाहेरचे शहर डोळ्यांसमोर येते. मराठी, उर्दू, गुजराती, निमाडी अशा चार भाषा इथल्या बाजारात रोज बोलल्या जातात. अशा शहराचा वारसा एका खात्याच्या यादीत मावेल कसा?

आता कुंडी भंडाऱ्याकडे पाहा. त्यालाच खूनी भंडारा असेही म्हणतात. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालून शहरात आणण्यासाठी ही व्यवस्था झाली. इराणातल्या कनातीच्या धर्तीची ही रचना: डोंगराकडून शहराकडे उतरत जाणारा भूमिगत बोगदा आणि त्यावर ठरावीक अंतराने खणलेल्या विहिरीसारख्या कुंड्या. अशा शंभरावर कुंड्या एका ओळीत आहेत. पाणी उपसावे लागत नाही. उतारानेच ते चालत येते. खाली उतरले की दिसते ते असे: बोगद्याच्या भिंतींवर चुनखडीचा पांढरा थर साचलेला, पायाखाली झुळझुळणारे स्वच्छ पाणी, आणि डोक्यावर दूरवर कुंडीच्या तोंडाचा उजेडाचा गोल ठिपका. चारशे वर्षांनंतरही ही व्यवस्था पाणी देते. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत तिचे नाव गेले, तेव्हा शहराला आनंद झाला आणि व्हायलाच हवा होता.

पण कनात मरते कशी, हे समजून घेतले पाहिजे. ती कुंडीच्या कठड्यापाशी मरत नाही. ती मरते दूर, जिथे पाणी मुरते तिथे. डोंगरउतारावरची झाडी तुटली, मुरणाऱ्या जमिनीवर वसाहत झाली, आजूबाजूला कूपनलिका खोल खोल गेल्या, की भूजलाची पातळी बोगद्याच्या खाली जाते. मग कठडे कितीही चकचकीत ठेवले, तिकीटघर कितीही छान बांधले, तरी बोगदा कोरडा. बुऱ्हाणपूर हा केळीचा जिल्हा आहे आणि केळीला पाणी लागते. कूपनलिका घेणारा शेतकरी कोणताही गुन्हा करीत नाही, तो संसार चालवतो. कायद्याच्या १०० किंवा ३०० मीटरच्या वर्तुळाचे हात त्याच्या शेतापर्यंत पोचत नाहीत. तिथे कोणी तरी जायला हवे, जो त्याच्या भाषेत बोलेल, त्याच्या सोसायटीत ओळखीचा असेल, पुनर्भरणाचे खड्डे खणायला मदत करील, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर कुंड्यांतल्या पाण्याची पातळी नोंदवून ती वही वर्षानुवर्षे चालवील. हे काम बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्याचे नाही, त्याची इच्छा असली तरी नाही. हे काम दिल्ली-भोपाळच्या संस्थेचेही नाही. हे गावात राहणाऱ्या, गावातच मरणाऱ्या संस्थेचे काम आहे.

तेव्हा ‘राखणे’ म्हणजे दुरुस्ती, हे गृहीतकच पूर्वपक्षाने तपासलेले नाही. दुरुस्ती हा राखण्याचा शेवटचा आणि लहान भाग. त्याआधी माहीत असणे, मोजणे, नोंदवणे, रोज लक्ष ठेवणे आणि लोकांना पटवणे असते. सरकारकडे अधिकार आहेत आणि ते वापरले जावेत. पण लक्ष ठेवणे हे अधिकाराने होत नाही.

आता या शहराकडेच एक पुरावा आहे, तो आपण पाहत नाही. बुऱ्हाणपुरात सर्वांत निगुतीने राखलेली ठिकाणे कोणती? शहराबाहेरचा दर्गा-ए-हकीमी, जिथे १७३० मध्ये वारलेल्या सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांची कबर आहे, तिथली स्वच्छता, बाग, यात्रेकरूंची व्यवस्था दाऊदी बोहरा समाज पाहतो. गुरुगोविंदसिंगांच्या १७०८ मधल्या मुक्कामाची आठवण सांगणारा बडी संगत गुरुद्वारा शीख संगत सांभाळते. नागझिरीच्या कबीर निर्णय मंदिराने पूरणसाहेबांची परंपरा चालू ठेवली. कबीराच्या बीजकावरची त्यांची ‘त्रिज्या’ ही १८३७ ची टीका त्या परंपरेमुळे वाचकांच्या हाती राहिली. सिलमपुऱ्यातले स्वामिनारायण मंदिर त्यांचे अनुयायी पाहतात. ही सगळी न्यासांची, प्रतिष्ठानांची, मंडळांची कामे आहेत. त्यांच्यात मूळ संस्थापक गेले तरी संस्था टिकल्या, पिढ्या बदलल्या तरी टिकल्या. संस्थापकाबरोबर संस्था मरते, हा चौथा आक्षेप बुऱ्हाणपूरच्या वेशीतच खोटा ठरतो.

मग जे पडले आहे ते का पडले आहे? तापीच्या पलीकडच्या तीरावर झैनाबादचा आहूखाना बघा. जून १६३१ मध्ये मुमताजमहल बुऱ्हाणपुरात बाळंतपणात गेली आणि तिला आधी इथे पुरले. सहा महिन्यांनी शव आग्र्याला नेले. ताजमहालाला जगातून माणसे येतात. आहूखान्याला कोणाचा समाज नाही. कुंडी भंडाऱ्याला जात नाही, पंथ नाही. कोटाच्या वेशींना भाविक नाहीत. १६६७ मध्ये इथेच वारलेल्या मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीजवळ वर्षातून एकदा जमणारी यात्रा नाही. जे एका समाजाचे आहे ते त्या समाजाने राखले. जे सगळ्यांचे आहे ते कोणाच्याच वाट्याला आले नाही. सरकार सगळ्यांचे असते म्हणून ते सगळ्यांचे राखील, असा हिशेब आपण मांडला. पण समाजांच्या न्यासांनी जे केले ते त्यांना आपलेपणा होता म्हणून केले, कायद्याचे बंधन होते म्हणून नव्हे. शहराच्या सामाईक वारशालाही असाच आपलेपणा असलेली एक संस्था लागते. जातपंथाच्या पलीकडचे प्रादेशिक प्रतिष्ठान म्हणजे नेमके हेच.

असे प्रतिष्ठान चालते का, असे विचारणाऱ्याने तापीच्या खोऱ्यातच धुळ्याकडे पाहावे. ३१ डिसेंबर १९२६ ला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले. त्यांच्यामागे त्यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवलेली कागदपत्रे राहिली. ज्याने वाईत हाती आलेल्या कागदांतून १८९८ मध्ये काढलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाने महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाचा पायाच बदलला होता, अशा माणसाचे दप्तर विखुरणे म्हणजे काय, हे धुळेकरांना समजत होते. काही दिवसांतच, १९२७ च्या आरंभी, त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. त्यात भास्कर वामन भटांसारखे वकिलीच्या पेशातले लोक होते. पुरातत्त्व खाते त्यात नव्हते. कागद, पोथ्या, नाणी, ताम्रपट, मूर्ती त्यांनी जमवल्या, ‘संशोधक’ नावाचे नियतकालिक चालवले. जिल्ह्याच्या गावाने हे केले, राजधानीने नव्हे. मंडळाला पैशाची चणचण नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण ते नसते तर तो संग्रह आज कुठे असता, याचे उत्तर पूर्वपक्षाने द्यावे.

आणि चंद्रपूर? तिथल्या गोंडकालीन किल्ल्याच्या परकोटावर झाडेझुडपे माजली होती, कचरा साचला होता. २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी रोज पहाटे जाऊन तो साफ केला, शेकडो दिवस केला. त्यांनी किल्ल्याची पुनर्बांधणी केली नाही. त्यांनी शहराला किल्ला दिसायला लावला.

‘प्रादेशिक’ हा शब्द मी मुद्दाम धरून आहे. बुऱ्हाणपुरापुरते प्रतिष्ठान पुरणार नाही. फारुकींचे जुने ठाणे थाळनेर, आज धुळे जिल्ह्यात. तिथे या घराण्याच्या पहिल्या पुरुषांच्या कबरी आहेत. राजधानी मध्यप्रदेशात, पूर्वजांच्या कबरी महाराष्ट्रात. एका राज्याचे खाते भोपाळला, दुसऱ्याचे मुंबईला. दोघांनाही आपल्या हद्दीबाहेर बोलण्याचा अधिकार नाही. पेशव्यांच्या अंमलाचे कागद पुण्याच्या दप्तरात. राज्यपुनर्रचनेने १९५६ मध्ये जी रेघ कायम ठेवली ती प्रशासनाला आवश्यक होती, पण इतिहास त्या रेघेने वाटून घेतलेला नाही. रावेरचा माणूस बुऱ्हाणपुरात बाजाराला जातो, बुऱ्हाणपूरची मराठी मुलगी भुसावळ-जळगावात सासरी जाते. या दोन्ही बाजूंना एकत्र धरणारी संस्था सरकार काढू शकत नाही. ती लोकांनीच काढायची असते.

राहिला मुद्दा कलांचा, आणि इथे मला पूर्वपक्षापेक्षा आपल्याच बाजूच्या मित्रांशी वाद घालायचा आहे. वारशाचे काम आणि कलांना आश्रय देण्याचे काम वेगळे ठेवा, नाही तर पैसा मैफलीत जाईल आणि भिंत पडेल, असे ते म्हणतात. ज्या शहराबद्दल बोलतो आहोत त्या शहराचा इतिहासच याच्या उलट साक्ष देतो.

खानखाना अब्दुर्रहीम म्हणजे दोह्यांचा रहीम. ज्याच्या कारकिर्दीत कुंड्या खणल्या गेल्या त्याच्याच पदरी कवी होते, चित्रकार होते, ग्रंथालय होते. अब्दुल बाकी नहावंदी याने १६१६ मध्ये पुरा केलेला ‘मआसिर-ए-रहीमी’ हा ग्रंथ या दरबारातल्या कवी-गुणीजनांची जंत्रीच आहे. रहीमच्या चित्रशाळेत तयार झालेले फारसी रामायण आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. एकाच थैलीतून पाण्याला, कवितेला आणि चित्राला पैसा जात होता, आणि त्याला त्यात कोठे विसंगती वाटली नाही.

रहीमच्याही आधी, सोळाव्या शतकात, कर्नाटकातून आलेल्या पुंडरीक विठ्ठलाने फारुकी बुऱ्हाणखानाच्या आश्रयाने ‘सद्रागचंद्रोदय’ हा संस्कृत संगीतग्रंथ लिहिला. पुढे पं. भातखंडे जुन्या ग्रंथांची चिकित्सा करू लागले तेव्हा पुंडरीकाचे ग्रंथ त्यांना महत्त्वाचे वाटले. हिंदुस्थानी संगीताच्या शास्त्राचा एक टप्पा तापीकाठी, एका मुसलमान राजाच्या पदरी, संस्कृतात घडला, हे बुऱ्हाणपुरातल्या शाळेतल्या किती मुलांना माहीत आहे? या ग्रंथावर आधारलेली एक मैफल, तीही इथल्याच एखाद्या जुन्या वास्तूच्या आवारात, झाली तर ती भिंतीच्या दुरुस्तीचा पैसा खाणार नाही. ती भिंतीला प्रेक्षक देईल.

दिल्लीत हे झालेले आहे. रहीमने आपल्या बायकोसाठी बांधलेला, आणि पुढे त्याचाही झालेला मकबरा दगड उखडलेल्या अवस्थेत होता. आगाखान ट्रस्टने इंटरग्लोब फाउंडेशनच्या निधीतून, पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीने, तो उभा केला आणि २०२० मध्ये काम पुरे झाले. त्यासोबत रहीमच्या काव्यावर ग्रंथ निघाला, कार्यक्रम झाले. खाते, प्रतिष्ठान, कंपनीचा निधी, कारागीर आणि कवी एकाच कामात आले. फलक आणि छायाचित्रे एवढेच निघते, या तिसऱ्या आक्षेपाला हे पुरेसे उत्तर आहे. रहीमच्या थडग्यासाठी जे दिल्लीत जमले ते रहीमच्या पाण्यासाठी बुऱ्हाणपुरात का जमू नये?

आणि हातमागाचे, जरीचे काम? सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने इथल्या तलम कापडाची वाखाणणी केली. ते इराण, तुर्कस्थान, पोलंडपर्यंत जात असल्याचे त्याने लिहिले. सोन्याचांदीच्या तारांचे कलाबतूचे काम ही या शहराची ओळख होती. आज शहर यंत्रमागाच्या आवाजाने भरले आहे आणि त्यावर हजारो घरे जगतात. ते थांबावे असे म्हणणारा मी नाही. पण तारकाम जाणणारा म्हातारा कारागीर कोठे असेल तर त्याच्याजवळ बसून, त्याचे हात चालताना चित्रित करून, त्याची अवजारे आणि त्या अवजारांची नावे लिहून घेणे, हे कोणते खाते करणार? सिंधुदुर्गात पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय करून जपल्या. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान नंतर आला. राखण आधी घरातूनच सुरू झाली.

एक गोष्ट जवळून दाखवल्याशिवाय हा वाद पुरा होणार नाही. बुऱ्हाणपूरची जामा मशीद राजा अलीखान फारुकीने बांधली. आत गेल्यावर अरबी लेखाच्या जोडीला भिंतीत एक देवनागरी लेख कोरलेला दिसतो. तो संस्कृतात आहे. त्याच्या आरंभी सृष्टिकर्त्याला वंदन आहे, मग फारुकी घराण्याची वंशावळ, मग विक्रम संवत १६४६, शके १५११ अशी कालगणना, पंचांगाच्या तपशिलासह. एका राजाने आपल्या मशिदीत हिजरी सनाबरोबर शक आणि संवत कोरवले. असीरगडाच्या मशिदीतही असाच संस्कृत लेख आहे. अभ्यासकांना हे लेख शंभराहून अधिक वर्षे माहीत आहेत. त्यांची वाचने प्रसिद्ध झालेली आहेत. पण रोज त्याच्यासमोरून जाणाऱ्या नमाजी माणसाला, किंवा मशिदीत कधीच पाऊल न टाकणाऱ्या शेजाऱ्याला, त्या लेखात काय आहे ते सांगणारे कोणी लागते. त्याचा चांगला ठसा, मराठी-उर्दू-हिंदी भाषांतर, शाळेच्या सहलीला समजावून सांगणारा एक तरुण, हे सगळे फार थोड्या खर्चात होते. आजच्या वातावरणात या एका दगडाचे मोल किती आहे, हे मी वेगळे सांगायला नको. हा दगड खाते सांभाळील, पण तो वाचून दाखवणे हे प्रतिष्ठानाचेच काम आहे.

स्थानिक राजकारण घुसेल, या भीतीला मी कमी लेखत नाही. घुसेलही. म्हणून संस्थेची घटना लिहितानाच काही गोष्टी पक्क्या केल्या पाहिजेत: कार्यकारिणीत शहराच्या चारही भाषांचे लोक, हिशेब दरवर्षी छापून चौकात लावायचा, पदाधिकाऱ्यांची मुदत ठरलेली, आणि संरक्षित वास्तूच्या एका विटेलाही तज्ज्ञाच्या आणि खात्याच्या लेखी संमतीशिवाय हात लावायचा नाही. मध्यप्रदेशात लोकन्यासांसाठी १९५१ चा आणि संस्थांच्या नोंदणीसाठी १९७३ चा कायदा आहे. चाकोरी तयार आहे. राज्यघटनेतच ५१ क कलमाने संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. ते कलम ४९ व्या कलमाच्या जोडीने वाचायचे असते, त्याच्या विरोधात नव्हे.

म्हणून इतवाऱ्यातल्या, शनवाऱ्यातल्या, आणि रावेर-मुक्ताईनगरपासून धुळ्यापर्यंतच्या वाचकांना माझी विनंती आहे. ज्यांच्या घरात मोडी कागद, जुनी वहीखाती, फारसी सनदा, लग्नपत्रिका, मागाचे नमुने, गाण्याच्या वह्या किंवा जुनी छायाचित्रे आहेत, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. एक यादी करावी आणि ती यादी एकमेकांना दाखवावी. कूपनलिका घेणाऱ्यांनी कुंडी भंडाऱ्याचे पाणी कुठून येते ते एकदा विचारावे. आणि ज्यांना शहराबद्दल आस्था आहे अशा निरनिराळ्या समाजांच्या दहा-पंधरा माणसांनी एकत्र बसून संस्थेची नोंदणी करावी. पहिले काम ठरलेलेच आहे: येत्या पावसाळ्यानंतर प्रत्येक कुंडीतली पाण्याची पातळी मोजून वहीत लिहायची.